मारव्यातला रिषभ

तार षड्जावर गळा आता पूर्वीसारखा टिकत नाही. त्यामुळे विद्यापीठातल्या वर्गात मी गाते कमी, ऐकते जास्त. मारव्याचा रिषभ स्वतः लावून दाखवला की काम होत असे. आता तो मुलांच्याच गळ्यातून काढून घ्यावा लागतो.

पूरिया, सोहनी, मारवा, तिन्हींचे स्वर तेच. पूरियात रिषभावरून पुढे सरकता येतं, सोहनी तार षड्जाभोवती रमते. मारव्यात मात्र षड्ज अगदी शेजारी असताना त्या कोमल रिषभावर थांबायचं असतं. तंबोऱ्याच्या तीन तारा षड्जच बोलत असतात, आणि मुलांचा स्वर घरंगळत तिकडे जातो. पेटीवर ताडून घेतलेला रिषभ जागेवर राहतो, पण निर्जीव. फोनमधल्या तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांना हा फरक दाखवताना माझा धीर सुटतो. जवारीचा दोरा हातात न धरता संगीतात एम. ए. होता येतं, याचा मला संताप आहे.

तरी या मुलांनी मला जे दिलं ते मैफलींनी दिलं नाही. भौतिकशास्त्रात पदवी घेऊन आलेल्या एका मुलीने शास्त्राच्या तासाला विचारलं, ‘‘ताई, वादी-संवादीत षड्ज-पंचम नाहीतर षड्ज-मध्यम भाव हवा ना? मग मारव्यात रे आणि ध यांचा संवाद कुठला?’’ हा अपवाद आम्हा सगळ्यांना पाठ असतो. परीक्षेत दोन गुणांना येतो. गुरूंसमोर बसून असं विचारायचं मला सुचलंच नसतं. तिथे स्वर लागला की प्रश्न मिटत असे.

त्या रात्री तंबोऱ्याची पहिली तार निषादावरून धैवतावर उतरवली आणि रिषभ लावत बसले. धैवत त्याला आधार देत नाही, ताण देतो. दोघंही षड्ज टाळतात, आणि त्या ताणावरच रिषभ उभा राहतो, असं मला आता वाटतं. नंतर वर्गात अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला, तेव्हा आम्ही सगळेच षड्जाची वाट बघत होतो.

विद्यापीठात गवई घडत नाहीत, असं घरंदाज मंडळी ऐकवतात. गवई त्यांच्या घरीही क्वचितच घडतो. प्रभाताई अत्रे एसएनडीटीत संगीत विभाग सांभाळत होत्या आणि मैफलीही करत होत्या. वर्गाने गाणं मरतं, हे मी मानत नाही.

यंदा ती मुलगी परीक्षेत मारवा गायली. बाहेरून आलेले परीक्षक मला म्हणाले, ‘‘रिषभ थेट तुमचा.’’ मी सुखावले आणि गप्प राहिले. खरं तर तिचा रिषभ माझ्यापेक्षा किंचित उतरा आहे, आणि मला तो अधिक आवडतो. पण ते कौतुक मला सोडवलं नाही.