परसातली वैद्यकी

रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घरी पाहुण्याचे स्वागत पुढल्या अंगणात होते. परंतु त्या घराचा खरा संसार चालतो तो मागीलदारी. न्हाणीचे पाणी जेथे वाहून जाते तेथे केळीचे बेट आणि अळूचा वाफा असतो. विहिरीच्या डोणीशेजारी गवती चहाचे ठोंब, त्यापलीकडे कढीलिंब, कागदी लिंबू, शेवगा, जास्वंद आणि जांभ्या दगडाच्या गडग्याला लागून अडुळशाचे दाट कुंपण असते. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडका व दुध्या चढतो आणि जागा मिळेल तेथे भेंडीची दहा-बारा रोपे उभी राहतात. याला शेती म्हणता येत नाही, आणि शोभेची बाग तर हे मुळीच नव्हे. घरातील आजीला विचारले तर ती एवढेच सांगेल की, "चार पाने हाताशी असावीत." त्या चार पानांत घरची भाजी येते, देवाचे फूल येते आणि नातवाच्या खोकल्याचे औषधही येते.

परंतु ज्या पानांनी माणसाचे दुखणे दूर करावयाचे, ती पानेही आजारी पडतात, हे परस राखणाऱ्याला फार लवकर कळते. मग त्याला दोन्ही वैद्यकी शिकाव्या लागतात.

पान उलटे करून पाहणे ही झाडाची नाडीपरीक्षा होय. जास्वंदीच्या खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर नवशिका मनुष्य मुंग्या झाडू लागतो. जाणती बाई मात्र रांग कोठे जाते ते पाहते. ती बहुधा कोवळ्या शेंड्याशी संपते आणि तेथे पानांच्या पाठीला मावा दाटलेला असतो. मावा झाडाचा रस शोषतो व मधासारखा गोड, चिकट द्रव बाहेर टाकतो. त्या गोडाच्या लोभाने मुंग्या माव्याची राखण करतात, गुराख्याने गुरे राखावीत तशी. एखादा ढालकिडा माव्याचा फराळ करावयास आला, तर त्याला हुसकून लावतात. तोच द्रव खालच्या पानांवर ठिबकला की त्यावर काळी बुरशी वाढते आणि पाने चुलीवर धरल्यासारखी काजळतात. रोग दिसतो खाली आणि त्याचे मूळ असते वर!

यावर पहिला उपाय साध्या पाण्याचा. पाण्याची जोराची धार मारली की बराचसा मावा गळून पडतो. उरलेल्यावर रिठ्याचे किंवा साबणाचे पातळ पाणी शिंपडावे आणि अगदी भरलेला शेंडा खुडून टाकावा. तेवढ्याने भागले नाही, तर निंबोळीचा अर्क. कोकणात कडुनिंब फारसा आढळत नाही. त्यामुळे घाटावरचा कोणी नातलग येणार असला की त्याच्याकडे निंबोळ्यांची मागणी जाते. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजत घालतात, सकाळी फडक्यातून पिळून गाळतात, त्यात किंचित साबण मिसळतात आणि त्याच दिवशी सायंकाळी तो अर्क फवारतात. सायंकाळीच का, याला कारण आहे. निंबोळीतील कीटकांना बाधणारे द्रव्य उन्हात टिकत नाही. दुपारी फवारलेला अर्क फुकट गेला असे समजावे.

लिंबाच्या झाडावरील अळीचा विषय निराळा. लहानपणी ही अळी करड्या-पांढऱ्या रंगाची असून पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून शत्रूची दृष्टी चुकते. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. तिला काडीने डिवचले तर डोक्यामागून दोन तांबूस शिंगे बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. हे पाहण्यासाठी मुले तिला पुन्हापुन्हा डिवचतात, आणि अळ्या वेचण्याचे काम त्यांच्यावर सोपविण्यात घरच्या माणसांची सोय असते. लिंबाचे लहान झाड चार दिवसांत निष्पर्ण करण्याची या अळ्यांची ताकद आहे. फवाऱ्यापेक्षा बोटांचा चिमटा येथे अधिक उपयोगी. तरीही एखाद्या घरी थोराड झाडाच्या एका फांदीवरील दोन-तीन अळ्या जाणूनबुजून राखल्या जातात. कारण त्यांचेच पुढे काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे देखणे फुलपाखरू होते. काटकसरी गृहिणीला हा लाड परवडतो, हे विशेष आहे.

या सर्वांहून कठीण प्रसंग येतो तो भेंडीवर केवडा पडल्यावर. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, जाळीसारख्या दिसू लागतात, मग सारे पान पिवळे होते आणि फळेही फिकट व निबर निघतात. (द्राक्षवेलीवरच्या एका बुरशीलाही केवडाच म्हणतात. दोहोंत पिवळेपणापलीकडे साम्य काही नाही. नावे ठेवताना लोकांनी रंग पाहिला, कारण नव्हे.) भेंडीचा केवडा हा विषाणूचा रोग असून पांढरी माशी तो एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेते. लागण झालेल्या रोपावर औषध नाही. ते उपटून नष्ट करणे एवढाच मार्ग उरतो. परंतु कमरेएवढे वाढलेले, फुलावर आलेले रोप उपटावयास हात धजत नाही. "अजून दोन वेळची भाजी होईल," असे वाटते, आणि त्या दोन भाज्यांच्या मोहात केवडा गडगा ओलांडून शेजारच्या परसात जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' हा या रोगाला दाद न देणारा भेंडीचा वाण काढला, तेव्हा असे बियाणे मुठीमुठीने घरोघर वाटले गेले यात नवल नाही. शेजाऱ्याच्या परसात निरोगी बी पडले, तर ते आपल्याही परसाचे संरक्षण असते.

पोफळीचे आगर असलेल्या घराला मोरचूद आणि चुना यांची जोडी सांगावी लागत नाही. पावसाळ्यात कोळे रोगाने सुपाऱ्या कुजून गळतात. म्हणून पाऊस लागण्यापूर्वीच घडांवर बोर्डो मिश्रण फवारतात आणि सुमारे दीड महिन्याने पुन्हा एकदा. या मिश्रणाचा जन्म मोठा गमतीचा आहे. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात वाटसरू रस्त्याकडेची द्राक्षे चोरीत. ती विषारी दिसावीत म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे निळसर पाणी शिंपडीत. १८८२ साली द्राक्षांवर बुरशीचा रोग पसरला, तेव्हा रस्त्याकडेच्या या वेलींची पाने मात्र टिकून होती. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते पाहिले, प्रयोग केले आणि १८८५ साली हे मिश्रण जगापुढे मांडले. चोरांसाठी केलेली युक्ती रोगावर लागू पडली!

घरगुती प्रमाण सोपे आहे. १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावयाचे. भांडी मातीची किंवा प्लॅस्टिकची हवीत, धातूची नकोत. मग स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा त्यात बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला. तसेच फवारले तर पाने करपतील. थोडा चुना वाढवून पुन्हा खिळा बुडवावा. रसायनशास्त्राचा हा धडा अनेक आगरांत शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी बिनचूक पाठ केलेला आहे.

झाडाला रोगी मानून त्याच्यावर उपचार करण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुरपाल नावाच्या विद्वानाने 'वृक्षायुर्वेद' हा ग्रंथ संस्कृतात रचला. त्याचे हस्तलिखित इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते आणि १९९६ साली ते इंग्रजी भाषांतरासह सिकंदराबादहून प्रसिद्ध झाले. माणसाप्रमाणे झाडालाही वात, पित्त व कफ यांचे विकार होतात, असे सुरपाल मानतो. आजचे शास्त्र ही उपपत्ती स्वीकारणार नाही. परंतु झाडाकडे वैद्याच्या आस्थेने पाहण्याची रीत मात्र परसात अजून नांदते आहे.

आता माणसांच्या औषधांकडे वळू. गडग्यावरून जशी बियाणी जातात तसे उपायही जातात. सर्दी झाली की गवती चहा व आले. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी. किरकोळ भाजले की आधी गार पाण्याची धार आणि मग कोरफडीचा गर. पानओव्याची पानेही सर्दीवर देतात, पण मुलांना त्यांची भजी इतकी आवडतात की ती खाण्यासाठी सर्दी होण्याची वाट पाहिली जाते. खोकल्यावर अडुळसा. पाने वाफवून काढलेला त्यांचा रस मधातून देतात. अडुळशातील वासिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध पुढे तयार करण्यात आले. तेव्हा आजीचा अडुळसा अगदीच निराधार नव्हता.

हळदीची हकीगत तर न्यायनिवाड्यापर्यंत गेली. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे एकस्व १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाच्या नावे देण्यात आले. जो उपाय येथील प्रत्येक स्वयंपाकघरात होता, त्याची मालकी सातासमुद्रांपलीकडे नोंदली गेली! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. मूळचे गोव्यातील माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. हा उपयोग नवा नाही, हे जुन्या लेखांच्या आधारे सिद्ध झाले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द ठरले.

मात्र उपाय सर्वांचा असला तरी तो कसाही वापरावा असे नव्हे. जुन्या बायका औषध सांगतात तेव्हा त्याला एक 'पण' जोडून देतात. अडुळसा द्यावा, पण गरोदर बाईला नको. मध द्यावा, पण वर्षाच्या आतील मुलाला चाटवू नये, ही तर डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. दुध्याची भाजी करावी, पण चिरताना एक कापटी जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर सबंध दुध्या टाकून द्यावा. उपाय तोंडोतोंडी किंवा हल्ली मोबाईलवरून दूर जाऊ लागला की हा 'पण' वाटेत गळतो. दुध्याचा रस आरोग्यदायी एवढेच पुढे जाते, कडूची अट मागे राहते. २०१० साली दिल्लीत असा कडू रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाला प्राण गमवावे लागले. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेही कडू रस न पिण्याचाच इशारा दिला. चिखलात लावणी करून आलेल्या माणसाला ताप भरला, तर काढ्यावर दिवस काढणे असेच घातक ठरते. तो ताप लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो आणि त्याला वेळेवर दवाखानाच हवा.

या दोन वैद्यकी कधी कधी एकमेकींच्या आड येतात. अशाच एका परसात घडलेली गोष्ट आहे. पौष महिन्यात शेजारच्या कलमांना मोहोर आला आणि त्यावर तुडतुडे पडले. मोहोर गळाला तर वर्षाचे उत्पन्न गेले. म्हणून शेजारणीने पंप लावून औषध फवारण्याचे ठरविले. सकाळी वारा पडलेला असताना काम उरकावयाचे, परंतु पंप नादुरुस्त निघाला आणि फवारणीला दुपार झाली. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. सायंकाळी आजी नातवाच्या खोकल्यासाठी गडग्याशी अडुळसा खुडावयास गेली, तेव्हा पानांवर पांढुरके ठिपके होते आणि वासही निराळा येत होता. तिने हात आवरला आणि हाक मारली,

"अहो वहिनी, आज फवारलंत काय?"

"होय हो काकू, तुडतुडा फार झालाय. पण आमच्याच कलमांवर मारलं. तुमच्याकडे नाही."

"वाऱ्याला गडगा दिसत नाही, वहिनी."

शेजारीण क्षणभर गप्प राहिली. मग ती बाटली घेऊन आली. बाटलीवरच्या तिरप्या चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा यांपैकी एक रंग असतो. लाल सर्वांत जहाल आणि हिरवा सर्वांत सौम्य. या बाटलीवर पिवळा होता. शाळेत जाणाऱ्या नातीने कंदिलाइतक्या मंद दिव्याखाली बारीक अक्षरे वाचून दाखविली. फवारल्यानंतर आंबा किती दिवस उतरवू नये, ते तेथे छापलेले होते. अडुळशासंबंधी एक अक्षरही नव्हते.

त्या रात्री शेजारणीने स्वतः तिसऱ्या घरी जाऊन अडुळशाची पाने आणून दिली. दुसऱ्या दिवशी आजीने गडग्याच्या बाजूचे कुंपण गुडघ्याएवढे राखून छाटले आणि छाटलेला पाला विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरला. पुढची फवारणी पंधरवड्याने झाली, तेव्हा शेजारणीने आदल्या सायंकाळीच तिन्ही घरी सांगून ठेवले. सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी विहिरीवर झाप पडला, तुळशीवर गोणपाट आले आणि वाळत घातलेले कपडे आत गेले. छाटलेल्या कुंपणाला पालवी फुटेपर्यंत खोकल्याची पाने तिसऱ्या घरूनच येत राहिली. आणि त्या घरी मोबदला म्हणून आजीने गवती चहाचा एक ठोंब मुळासकट पाठविला.