भाचीचा विषय : आवाज

माझी भाची ध्वनी आणि कंपन या विषयात एम.टेक. करते. "आवाजाचं काय शिकायचं?" असं अम्मी तिला अजून विचारतात. रात्री उशिरापर्यंत मशीनला सेन्सर चिकटवून आलेख पाहत बसायचं. पहिल्या सत्रात गणितानं पार रडवलं होतं तिला.

सुट्टीत ती आमच्या शाळेत आली. रिकाम्या वर्गात तिनं एक टाळी वाजवली. उघड्या भिंती, फरशी, वर पत्रा. टाळी घुमतच राहिली. मग तिनं वॉलेस सॅबिनची हकिगत सांगितली. 1895 साली हार्वर्डच्या एका नव्या सभागृहात व्याख्यान समजतच नव्हतं. रिकाम्या खोलीत शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमायचा. सॅबिन रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून ठेवायचे आणि घुमण्याचा वेळ मोजायचे. गाद्या वाढल्या, की घुमणं कमी.

"खाला, स्वर जोरकस, व्यंजनं नाजूक. घुमणारा स्वर पुढच्या व्यंजनाला झाकतो."

उर्दूच्या इमल्यात मागच्या बाकावरच्या मुली 'बात'चं 'बाद' लिहितात. त्यांना ढ म्हणणाऱ्यांनी आधी मागं बसून ऐकावं.

मागच्या भिंतीवर आम्ही सतरंज्या टांगल्या आहेत. जाड पडद्यांचा अर्ज अजून टेबलावरच आहे.