बेळगावला कोण चाललंय?

आमच्या गल्लीत गुपित ठेवायची सोय नाही. सकाळी आठच्या आत हातात पिशवी घेऊन कुणी घराबाहेर पडलं, की ते माणूस बेळगावला निघालं असं धरूनच चालतात. स्टँडवर पोचेपर्यंत पिशवीत भर पडलेली असते: कुणाच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी, कुणाच्या मिक्सरचं गळकं भांडं, ब्लाउजपीसचा रंग जुळवायला कापून दिलेली साडीची चिंधी. पैसे कधी आधी मिळतात, कधी आठवड्यानं. कुणी बुडवल्याचं मात्र ऐकलेलं नाही.

मी मूळची इचलकरंजीची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले. आमच्याकडे शेजारधर्म होता, पण पाळीच्या वेळा सांभाळून. शाळेतल्या बदलीनं चंदगडला आले तेव्हा घरच्यांनी सांत्वनाच्या सुरात निरोप दिला. जिल्हा तोच, पण हे त्याचं पार दुसरं टोक. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. कचेरीची कागदपत्रं तेव्हापासून कोल्हापूरकडे जातात. दवाखाना, लग्नाचा बस्ता, चष्मा, दिवाळीची खरेदी यांनी काही हा निर्णय मनावर घेतलेला नाही. कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. पायांना हिशेब कळतो.

डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावावरून चाललेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न तापला आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. गल्लीत त्यावर कडक बोलणं झालंच. पण त्याआधी, कुणाच्या कुठल्या गोळ्या संपत आल्यात याची उजळणी झाली. माझ्या शेजारच्या अण्णांना थायरॉईड आहे हे मला त्याच दिवशी कळलं. गल्लीला ते केव्हाच माहीत होतं. कुणाच्या डब्यात त्याच गोळीची जादा पट्टी निघाली, ती त्यांच्याकडे गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा बसगाड्या थांबल्या, तेव्हा कुणाला काही विचारावंच लागलं नाही. यादी तोंडपाठ होती.

बाहेरून येणारे म्हणतात, चंदगडला सगळं संथ. खरं आहे. दुपारी शिंप्याचं दुकान उघडं असतं आणि शिंपी आत झोपलेला असतो. पण जुलैत रोपलावणीच्या दिवसांत या गल्लीत येऊन बघा. शिंपी नाही, सलूनवाला नाही, कचेरीतला शिपाई रजेवर. बहुतेकांचं आसपासच्या गावात भाताचं किंवा नाचणीचं शेत आहे, कुणाची काजूची बाग आहे. गल्लीत उरतात म्हातारी माणसं, मांजरं आणि मी. संध्याकाळी लोक परततात ते डोक्यावर प्लास्टिकची खोळ आणि पिंडऱ्यांपर्यंत चिखल घेऊन. उरलेल्या वर्षात त्यांनी दुपारी डुलकी काढली तर मला तो आळस वाटत नाही.

पाऊस इथला आंबोलीच्या शेजारचा. तो आला की महिना महिना ऊन नाही. पहिल्याच मृगात घरमालकीण आक्कांनी लाकडं आणि शेणी माझ्या सोप्यात आणून रचली. मी म्हटलं, माझ्याकडे गॅस आहे. त्या म्हणाल्या, "गॅस हाय की बाई, पण कपडे काय गॅसवर वाळवतासा?" चुलीवर दोऱ्या बांधून वाळवलेल्या साड्यांना धुराचा वास येतो. वर्गात सगळ्यांच्याच कपड्यांना येतो, त्यामुळे कुणाला कळत नाही.

वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. गल्लीत एका घरी इन्व्हर्टर आहे. तिथं कट्ट्यावर सगळ्यांचे मोबाईल ओळीनं चार्जिंगला. आता फोन वाजला की उचलायला कुणीतरी हवंच! त्या घरातली वैनी उचलते, निरोप घेते, आणि निरोपासोबत आपलं मतही देते. माझ्या आईची आणि तिची ओळख अशीच झाली. आता आई मला सोडून तिलाच फोन करते. म्हणते, तुझ्यापेक्षा तिच्याकडून नीट कळतं.

हे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. माझा भाऊ एकदा नव्या मोटारसायकलवरून भेटायला आला. दिवे लागेपर्यंत तिघींनी येऊन चहाच्या निमित्तानं चाचपणी केली. "भाऊ आहे माझा." "असू दे की, आम्ही काय म्हटलं?" एकट्या राहणाऱ्या बाईला अशा वेळी गल्लीचे डोळे टोचतात. पण त्याच गल्लीत मी तापानं पडले, तेव्हा दुपारी नाचणीची आंबील दारात आली होती, आणि मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. डोळे तेच. टोचणारे वेगळे आणि सांभाळणारे वेगळे, असे सुटे मिळत नाहीत. मी हा व्यवहार पत्करलाय. माझी एक सहकारी पत्करू शकली नाही, तिनं बदली करून घेतली, आणि तिचंही मला पटतं.

संध्याकाळी कट्ट्यावर विषय दोनच: तिलारीच्या जंगलाकडून आलेला हत्ती आज कुणाच्या उसात होता, आणि रवळनाथाच्या देवळात काय ठरलं. आता तिसरा आलाय, नगरपंचायतीचा. गाव शहर झालं, घरपट्टीची चर्चा वाढली. कौलं उतरवून स्लॅब पडतायत, काही घरांना लोखंडी फाटकंही आली. कट्टा मोडून तिथं गाडी लागते. यानं गल्ली आटेल अशी भीती मला होती. झालं थोडं वेगळंच. ऑनलाईन मागवलेल्या वस्तू आणणाऱ्या पोराला आमचे घर नंबर सापडत नाहीत. त्यामुळे गल्लीची सगळी पार्सलं तो आक्कांच्या सोप्यात ठेवून जातो. बेळगावच्या पिशवीचं निम्मं काम तिथं गेलं. आक्का पार्सल हातात देताना जरा हलवून बघतात आणि आत काय आहे ते सांगतात. बहुतेक वेळा बरोबर असतं. किंमत मात्र त्या नेहमी कमीच धरतात, आणि खरी सांगितली की म्हणतात, "बेळगावात निम्म्यात मिळालं असतं."