गुडघ्यावरचं कापड कोण ठरवणार?

तुंगार्लीत शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारे पर्यटक बर्मुडा घालून गावभर फिरतात, त्यांना कुणी हटकत नाही. आपली पोरं तशीच विहारात आली की मात्र ज्येष्ठ चिडतात. त्यांचा राग मला समजतो. आखूड कपडा ही आपली फॅशन नव्हती, तो हुकूम होता.

1930 मध्ये रामनाडच्या कल्लरांनी फर्मान काढलं : अस्पृश्य पुरुषांनी गुडघ्याखाली वस्त्र नेसायचं नाही. इंदूरकडच्या बलाईंना रंगीत काठाच्या धोतराची बंदी झाली. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये ती नोंदवली. 1927 मध्ये महाडला त्यांनी आयाबहिणींना लुगडं नेसायची अस्पृश्यतेची खूण सांगणारी पद्धत टाकायला लावली. 1921 मध्ये गांधींनी पंचा नेसला, तो त्याग ठरला. ज्याच्यावर आखूड वस्त्र लादलेलं असतं, तो कशाचा त्याग करणार? बाबासाहेबांचा सूट हे त्याचं उत्तर होतं.

म्हणून आता आपणच पोरांच्या गुडघ्यांवर पहारा बसवायचा का? माझं मत, नाही. लांबी सक्तीने कमी केली काय आणि सक्तीने वाढवली काय, माप घेणारा दुसराच असतो. पोरांनी हाफ पँट खुशाल घालावी, स्वच्छ घालावी. फक्त ती निवडायचा हक्क कुणी लढून मिळवला, हे त्यांना सांगता आलं पाहिजे. ज्येष्ठांनी रागवण्याऐवजी तेच शिकवावं.

जय भीम!