गॅस संपत नसतो

एप्रिल लागला की महाराष्ट्रातल्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गॅस संपलाय, भरावा लागेल." एसी नीट गार करत नाही म्हणून माणूस बोलावलेला असतो. तो आउटडोअरला गेज लावतो, काटा बघतो आणि निकाल सांगतो. घरच्यांना ते लगेच पटतं, कारण आपल्याकडे गॅस म्हणजे स्वयंपाकघरातला सिलिंडर, आणि तो महिना-दीड महिन्यात संपतोच. एसीतला गॅस मात्र जळत नाही की खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. इनडोअरच्या कॉइलमध्ये खोलीतली उष्णता शोषून वाफ होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेर नेतो, तिथे ती उष्णता सोडून तो द्रव होतो आणि पुन्हा आत येतो. फ्रिजमध्येही हेच चक्र चालतं, आणि दहा-बारा वर्षं वापरलेल्या बहुतेक फ्रिजांना कुणी एकदाही गॅस भरलेला नसतो. मग स्प्लिट एसीलाच दर उन्हाळ्यात का भरावा लागतो? एसीच्या कामासाठी भरवशाचा माणूस कसा निवडावा, हा प्रश्न लोक आम्हा एसीचं काम करणाऱ्यांना नेहमी विचारतात. माझ्या मते त्याचं उत्तर गॅस पुन्हा पुन्हा का भरावा लागतो, या प्रश्नातच आहे.

फ्रिज कारखान्यातून पूर्ण होऊन येतो. त्याचे सांधे तिथेच डाग देऊन बंद केलेले असतात. स्प्लिट एसीचं तसं नाही. त्याचे दोन भाग खोक्यांतून येतात आणि त्यांना जोडणारं चक्र तुमच्या भिंतीवर पुरं होतं. तांब्याची नळी कापायची, कडेचा कीस काढायचा, तोंड फुलवून फ्लेअर करायचं, नट बेताच्या ताकदीने आवळायचा. असे चार सांधे, आणि चारही बसवणाऱ्याच्या हातचे. नट सैल राहिला तर गॅस हळूहळू निसटतो, जास्त आवळला तर फुलवलेली कड चिरते आणि तरीही निसटतो. सांधे झाले की नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून तो दाब टिकतो का ते बघायचं. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची. बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरचा असतो. नळीतला दाब अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उतरला की आतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून निघून जातं. पंप बंद केल्यावर तो दाब पुन्हा वर चढला तर कुठेतरी गळती आहे किंवा ओल उरली आहे. म्हणजे जो एसी बसवतो तो त्या यंत्राचा अर्धा कारखानदार असतो. दुकानात आपण कंपनी, स्टार आणि किंमत यांवर तासभर घालवतो, आणि हा अर्धा कारखाना कुणाच्या हाती द्यायचा हे मात्र त्या दिवशी दारात जो येईल त्याच्यावर सोडतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा. आमच्या ओळखीचा मेकॅनिक तीस वर्षं हे काम करतोय, तो काही पंप-बिंप लावत नाही, आणि त्याने बसवलेल्या मशीन चालतात. यात तथ्य आहे, पण ते जुन्या यंत्रांपुरतं. तीस वर्षांपूर्वी घरगुती एसीत आर-२२ हा गॅस असायचा. त्याचा दाब कमी आणि त्याच्यासोबतचं खनिज तेल ओल फारसं धरत नसे. थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर हुसकावली की काम भागतं, अशी सवय त्या काळात पडली. १९८७ च्या माँट्रियल कराराप्रमाणे आर-२२ टप्प्याटप्प्याने हद्दपार होतो आहे, आणि आज बाजारातल्या बहुतेक नव्या एसीत आर-३२ असतो. त्याचा दाब साधारण दीडपट. त्याच्यासोबतचं कृत्रिम तेल हवेतली ओल भराभर ओढून घेतं, आणि ओल व उष्णता मिळून त्या तेलातून आम्ल तयार होतं. ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला हळूहळू खातं. याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनी दिसतो, आणि तेव्हा दोष कंपनीच्या माथी जातो. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो, सहज नव्हे, पण घेऊ शकतो. काही एसीत आर-२९० असतो. तो शुद्ध प्रोपेनच आहे. नळीत गॅस असताना डाग द्यायला बसणारा माणूस, मग त्याचा अनुभव कितीही असो, धोकादायक आहे. म्हणून वर्षं मोजण्यापेक्षा, त्याला तुमच्या यंत्रातल्या गॅसचं नाव माहीत आहे का आणि त्या गॅससाठी तो वेगळं काय करतो, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सामान्य माणसाला यातलं काय कळणार? फ्लेअर चांगली की वाईट, हे त्याने कसं ओळखायचं? ते त्याला ओळखता येणार नाही, हे मान्य. पण भाजीवाल्याकडे आपल्याला शेतीतलं कुठे कळत असतं? तराजू वापरला की नाही, एवढं मात्र कळतं. आमच्या कामातही तराजू आहेत आणि ते डोळ्यांना दिसतात. पंप जोडला का, आणि तो पाच मिनिटं चालला की अर्धा तास, हे घड्याळ सांगतं. गॅस भरताना सिलिंडर वजनकाट्यावर आहे की नुसता हातात उलटा धरलाय, हे लहान मुलालाही दिसतं. यंत्रात गॅस किती हवा हे आउटडोअरवरच्या पाटीवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. दीड टनाच्या एसीत तो सहसा किलोच्या आतबाहेर असतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलतो आणि त्याबरोबर गेजचा काटाही, त्यामुळे नुसत्या काट्यावरून गॅस कमी आहे हे सांगणं अंदाजाच्या पलीकडे जात नाही. आणि गार न होण्याची कारणं तरी किती! जाळीवर साचलेली धूळ, आउटडोअरच्या पत्र्यांत अडकलेली कबुतरांची पिसं, उतरलेला कपॅसिटर, थकलेली पंख्याची मोटर. चांगला मेकॅनिक आधी ही पाहतो, क्लॅम्प मीटरने अँपिअर बघतो, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजतो. एवढं करून गॅस खरोखर कमी निघाला, तर पुढचा प्रश्न तो स्वतःच विचारतो: गेला कुठून? साबणाचा फेस घेऊन तो सांध्यांपाशी बसतो. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा हवेत जातो, आणि एक किलो आर-३२ शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे सातशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. गळती बंद न करता गॅस भरणं ही दुरुस्ती नव्हे. मला ती फसवणूकच वाटते, करणाऱ्याला तसं वाटत नसलं तरी.

कंपनीचा अधिकृत माणूस बोलावला की काळजी मिटते, असंही म्हणतात. सुटे भाग अस्सल मिळतात, वॉरंटी टिकते, हे खरं. पण घरी येणारा मुलगा अनेकदा कंत्राटदाराचा असतो आणि त्याला पैसे नगावर मिळतात. मे महिन्यात त्याला दिवसभरात चार-पाच घरं उरकायची असतात, आणि उरकताना सर्वांत आधी गळतो तो व्हॅक्यूमचा अर्धा तास. इथे ग्राहकाचाही वाटा आहे. फिटिंगचे पैसे पाडून मागणारा खरं तर त्या मुलाचा वेळच पाडून मागत असतो. सातव्या मजल्यावर पट्टा न बांधता खिडकीबाहेर ओणवं होऊन ब्रॅकेट ठोकायला लावणं हीही त्याच घाईची दुसरी बाजू, आणि तिची किंमत कॉम्प्रेसरपेक्षा फार मोठी आहे. एसी घ्यायचाच असेल तर होळीच्या आधी घ्यावा, वेळेचे पैसे द्यावेत आणि त्या वेळात काय केलं ते विचारावं.

खरं तर पारख त्याहून आधी, घर बघायला आल्यावरच सुरू होते. खोलीची लांबी-रुंदी ऐकून फोनवरच दीड टन सांगणारा माणूस घाईत आहे. वर स्लॅब तापतो का, पश्चिमेची भिंत उघडी आहे का, काच किती, माणसं किती, हे विचारणारा हिशेब करतोय. मुंबईत किंवा रत्नागिरीत एसीचं बरंचसं काम हवेतलं पाणी काढण्याचं असतं; तिथे गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली झटकन गार करून थांबतं आणि दमटपणा तसाच ठेवतं. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम चालतो, आणि या खोलीला एसीची गरज नाही असं तिथे सांगणारा माणूस मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवावा. आउटडोअर कोंदट डक्टमध्ये बसवला तर तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो. तिथे लावायला ठाम नकार देणारा मेकॅनिक हट्टी वाटतो, पण बरोबर तोच असतो.

काम झालं की बिलावर नुसतं "गॅस चार्जिंग" लिहू देऊ नये. कोणता गॅस, किती ग्रॅम, गळती कोणत्या सांध्याला सापडली, नायट्रोजनचा दाब किती वेळ धरून पाहिला, एवढं चार ओळींत मावतं. ज्याने हे केलं आहे त्याला लिहायला दोन मिनिटं लागतात. तो कागद इनडोअरच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावा. पाच वर्षांनी दुसरं कुणी ते झाकण उघडेल तेव्हा आधीच्याने काय केलं आणि कुठून पुढे जायचं, हे त्याला तिथेच वाचता येईल.