पहिल्या पेनाची काळी शाई

भाचीने पहिलं फाउंटन पेन घेतलं. आता काळी शाई कोणती, हा प्रश्न. माझं मत ठरलेलं: दांडेकरांनी सुरू केलेली कॅमल. १९३१ पासून शाईत मुरलेलं घर, शिवाय खिशाला परवडणारी. महागड्या बाटल्या नंतर आहेतच! मात्र चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात कधीही भरू नये. तिच्यात बहुधा लाख असते. ती निबामागच्या बारीक खाचांत वाळली की पेन कामातून गेलं. गंमत म्हणून साध्या काळ्या शाईचा थेंब ओल्या टिपकागदावर टाकून बघा, कडेला अनेकदा वेगळे रंग सुटतात. हलक्या कागदावर अक्षरांना मिशा फुटतात, तेव्हा शाईला बोल लावण्याआधी वही बदला. आणि अधूनमधून पेन साध्या पाण्याने धुवा.