मोत्याचे पोट

कुत्र्याचे पिलू घरात आले की घरातले प्रत्येक माणूस डॉक्टर होते. मोत्या दोन महिन्यांचा असताना आमच्याकडे आला आणि तिसऱ्याच दिवशी त्याला जुलाब सुरू झाले. आईने जायफळ उगाळायला घेतले. शेजारच्या नानांनी एरंडेल सुचवले. कोठा साफ झाला की सगळे ठीक होते, हे त्यांचे माणसांविषयीचेही मत आहे. धाकट्याने कुणाला न विचारता आपल्या पेल्यातले दूध त्याच्यापुढे सरकवले.

त्या वेळी दुखणे साधेच होते. नवे घर, नवे अन्न, आणि वर हे दूध! कुत्रीच्या दुधापेक्षा गाईम्हशीच्या दुधात साखर बरीच जास्त असते. ती पिलाच्या पोटाला झेपत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी दूध बंद केले आणि मऊ भातात मिठामसाल्याशिवाय उकडलेली कोंबडी कालवून थोडी थोडी, दिवसातून चार-पाचदा द्यायला सांगितली. आईचा विश्वास लंघनावर. पण एवढेसे पिलू फार वेळ उपाशी राहिले तर त्याच्या रक्तातली साखर उतरते आणि ते गळून जाते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने हट्ट सोडला. स्वारी दोन दिवसांत पुन्हा चपला चावू लागली.

महिन्याभराने मात्र वेगळे घडले. सकाळपासून मोत्या तीनदा ओकला. बिस्किटांचा डबा वाजला तरी त्याने मान उचलली नाही. आई म्हणाली, “अरे, हा नेहमीचा नव्हे. याला आधी घेऊन जा.” जायफळाचे नाव तिने काढले नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब झाले.

पार्व्हो निघाला. हा विषाणू १९७८ साली प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो आतड्याचे अस्तरच खाऊन टाकतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवतो. मोत्याला लशीचा एक डोस झाला होता, दुसऱ्याची तारीख पुढच्या आठवड्यात होती. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिलात असेतो लस नीट लागत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरेल याचा नेम नसतो. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा टोचावे लागते. मधल्या फटीत रोगाने गाठले.

चार दिवस सलाईन चालले. डॉक्टर त्याचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबीत. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी झाली पाहिजे. पहिल्या दिवशी ती होत नव्हती. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राही, इतके पाणी अंगातून गेले होते. चौथ्या दिवशी त्याने शेपटी हलवली, तेव्हा नाना तोंड फिरवून चष्मा पुसत होते.

तेव्हापासून मी जुलाबापेक्षा पिलाकडे पाहतो. एकदोनदा पातळ झाले, पण पिलू खेळते आहे, पाणी पिते आहे, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. पण ओकाऱ्या थांबत नसतील, रक्त दिसले, पाणीही पोटात टिकेना, किंवा पिलू कोपऱ्यात निपचित पडले, तर रात्र सरायची वाट पाहू नये. घरातली माणसांची गोळी तर मुळीच देऊ नये. साधी तापाची गोळीसुद्धा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. आणि पार्व्होनंतर फरशी नुसत्या फिनेलने पुसून भागत नाही, पाण्यात मिसळलेले ब्लीच लागते. हा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरून राहतो.

सध्या दिवाळीचा पहारा चालू आहे. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि पाहुण्यांनी आणलेले चॉकलेटही त्याला विषच. सगळे डबे माळ्यावर गेले आहेत. चिवड्यासाठी दरवेळी स्टूल आणावे लागते म्हणून धाकटा मोत्यावर रुसला आहे.